पडद्याआडचा प्रश्न

देवळाच्या पायऱ्यांवरून तांब्याचं घंगाळ घरंगळलं तेव्हा सगळे दचकले. पुजारी मंत्र विसरला, दोघी बायकांनी कानांवर हात ठेवले, लांब उभ्या असलेल्या चोपदाराच्या हातातला दंड सुटला. राणीसाहेब मात्र देवीसमोर बसून एकेक शेवंती वाहत होत्या, तशाच वाहत राहिल्या. घंगाळ अकरा पायऱ्या आपटत खाली गेलं, फरशीवर गरगर फिरलं आणि थांबलं, तरी त्यांनी मान वळवली नाही.

मी पुढे झाले. पदर सारखा केल्याचं निमित्त करून त्यांच्यासमोर वाकले आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी म्हटलं, "मागं बघा."

त्यांनी मागं बघितलं, कपाळाला आठी घातली, "कोण धांदरट आहे रे तो?" असंही म्हणाल्या. सगळं नीट झालं. पण उशिरा झालं. दिवाण जयवंतराव सभामंडपाच्या खांबापाशी उभे होते. ते घंगाळाकडे बघत नव्हते, पायऱ्यांकडेही नाही. ते आमच्या दोघींकडे बघत होते.

तेव्हा मी देवखिंड संस्थानात राणीमहालाची मुख्य बाई होते. आमच्याकडे तिला खासबाई म्हणत. महालाच्या किल्ल्या खासबाईच्या कमरेला. राणीसाहेबांनी काय नेसायचं, त्यांच्या ताटात काय यायचं, त्यांच्यापुढे कुणी यायचं आणि कुणी दारातून परत जायचं, हे सगळं खासबाई ठरवायची. हाताखाली चौदा बायका. मी जिन्यावरून उतरले की खालच्या चौकातली कुजबुज बंद व्हायची. मला ते आवडायचं. आज सत्तरी उलटल्यावर खोटं कशाला बोलू?

एवढी मोठी जागा मला मिळायचं काही कारण नव्हतं. मी गजरा शेलार, आठव्या वर्षी लग्न झालेली, बाराव्या वर्षी कपाळ पुसलेली. लांबच्या नात्यातल्या एका मानकऱ्याच्या ओळखीनं महालात लागले, ती देवघरामागच्या चौकात फुलं निवडायला. दहा वर्षं तेच केलं. राणीसाहेबांशी बोलायचा प्रसंग कधी आला नाही. मग थोरले महाराज वारले आणि सहा महिन्यांत राणीसाहेबांना विषमज्वर झाला. एकेक बाई जागून जागून आजारी पडायला लागली तेव्हा मला शुश्रूषेला बोलावलं. एकविसाव्या दिवशी ताप उतरला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू बोलतेस, पण आवाज का काढत नाहीस?"

मी आवाज काढूनच बोलत होते.

ताप गेला तो त्यांचे कान घेऊन गेला. वैद्यबुवांनी महिनाभर तेलं घातली, धुऱ्या दिल्या आणि हात टेकले. हे माहीत असलेली माणसं तीनच, राणीसाहेब, वैद्यबुवा आणि मी. बाहेर फोडायची सोयच नव्हती. धाकटे महाराज पाच वर्षांचे, ते सज्ञान होईपर्यंत संस्थानचा कारभार राणीसाहेबांच्या शिक्क्यानं चालायचा. बहिऱ्या बाईच्या हातात कारभार आहे हे इंग्रज सरकारच्या एजंटसाहेबांना कळलं असतं, तर तो काढून घ्यायला त्यांना तेवढं कारण पुरलं असतं.

माझे ओठ जाड आणि बोलणं सावकाश. माझे शब्द त्यांना दिसायचे. दीड महिन्यात त्या माझ्या ओठांवरून सगळं वाचायला शिकल्या, दुसऱ्या कुणाचं समोरून थोडंफार कळायचं. दरबारात तर काम आणखी सोपं. राणीसाहेब चिकाच्या, बांबूच्या काड्यांच्या पडद्याआड बसायच्या, बाहेर दिवाण, कारकून, गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं. पडद्याआड त्यांच्यासमोर फक्त मी. बाहेरच्यानं विचारलं की मी तेच शब्द ओठांवर आणायचे, त्यांनी वाचायचे आणि आपल्या खणखणीत आवाजात उत्तर द्यायचं. दोन वर्षं असं चाललं. कुणाला संशय आला नाही. राणीसाहेब विचार करून बोलतात, असं लोक म्हणायचे.

घंगाळ पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणसाहेबांनी मला कोठीत बोलावलं. मी गेले तर कोठीवाला बाहेर पाठवलेला.

"गजराबाई," ते म्हणाले, "किती दिवस झाले?"

"कशाला, सरकार?"

"उगाच वेड पांघरू नका. मी काल दुपारी त्यांच्या पाठीमागं उभं राहून तीनदा हाक मारली. तीनदा."

मी कमरेच्या किल्ल्या मुठीत धरल्या.

"मी कुणाला सांगणार नाही," ते म्हणाले. "मला त्यातून काय मिळायचंय? परवा एजंटसाहेब येतायत. आक्कासाहेबांच्या स्थळाचं ते राणीसाहेबांना स्वतः विचारणार आहेत. होकार आला पाहिजे."

आक्कासाहेब म्हणजे राणीसाहेबांची थोरली मुलगी. वय पंधरा. स्थळ माळव्याकडच्या एका मोठ्या संस्थानिकाचं होतं. वय एक्केचाळीस, आधीच्या दोन राण्या हयात. त्या संस्थानाशी सोयरीक झाली की दिवाणसाहेबांचे दोन मुलगे तिकडे मोठ्या हुद्द्यावर लागणार होते, हे महालातल्या भांडी घासणारीलाही माहीत होतं.

"आईसाहेब नाही म्हणणार आहेत," मी म्हटलं. "त्यांनी मला सांगितलंय."

"त्या काय म्हणतील ते त्यांना काय ऐकू येतं त्यावर ठरेल." ते हसलेही नाहीत. "नकार आला तर त्याच बैठकीत मी एजंटसाहेबांना सांगणार, यांना पाठीमागून हाक मारून बघा. मग कारभार जाईल. आक्कासाहेबांचं लग्न सरकारनं नेमलेलं पंचमंडळ ठरवेल, म्हणजे मीच ठरवीन. मुलगी जायची ती जाईलच. वर राणीसाहेबही जातील. आणि तुम्ही. बघा, विचार करा."

मी विचार केला. दोन दिवस दुसरं काही केलंच नाही. राणीसाहेबांच्या न्हाणीचं पाणी काढताना, साड्यांना धुरी देताना, विडे लावताना तेच. त्यांना सांगावं असं किती वेळा ओठांवर आलं. एकदा तर त्यांनीच विचारलं, "गजरा, तुझे ओठ हलले. काही म्हणालीस?"

"नाही, आईसाहेब," मी म्हटलं.

एजंटसाहेब आले. उंच, वाळके, बोलायला मऊ. त्यांना मराठी समजायची, बोलताना अडखळायचे म्हणून सोबत कारकून. नमस्कार-चमत्कार झाले, धाकट्या महाराजांचा घोडा, पाऊसपाणी झालं. मी सगळं नीट पोचवलं. मग दिवाणसाहेब खाकरले आणि कारकुनानं कागदावरून वाचलं.

"आक्कासाहेब यांचा विवाह ठरवण्याच्या बाबतीत आलेल्या स्थळास राणीसाहेबांची संमती आहे काय, हे साहेबबहादूर विचारतात."

राणीसाहेब माझ्या तोंडाकडे बघत होत्या. अजून दिसतात त्या मला तशा. मांडीवर हात, मान किंचित पुढे, पापणीसुद्धा न हलवता.

मी ओठांनी म्हटलं, "आक्कासाहेबांना इंग्रजी शिकवायला मडम ठेवायची आहे, संमती आहे का, असं साहेब विचारतात."

त्यांचा चेहरा उजळला. मडमेसाठी त्या वर्षभर साहेबांच्या मागं लागल्या होत्या.

"आहे," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आमची आनंदानं संमती आहे."

बाहेर खुर्च्या सरकल्या. कुणीतरी "वा, वा" म्हणालं. राणीसाहेबांनी भुवई उचलून मला विचारलं, आणि स्थळाचं?

"पुढच्या खेपेला," मी ओठांनी सांगितलं.

बैठक संपली. दुपारचं जेवण झालं. राणीसाहेब खुशीत होत्या, मडमेला कुठली खोली द्यायची ते मला सांगत होत्या. तेवढ्यात खालच्या चौकात नगारा सुरू झाला. मला ऐकू येत होता, त्यांना नाही. हत्तीवरून साखर वाटायला सुरुवात झाली होती.

आक्कासाहेब पळत वर आल्या. केस अर्धे विंचरलेले, एका पायात चप्पल नाही. त्या आईच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना बहिरेपणाचं कुणी सांगितलं नव्हतं, पण लेकीला कळलेलं असावं. त्या नेहमी समोर येऊनच बोलायच्या.

"आईसाहेब, तुम्ही हो म्हणालात?"

"हो. तुला आवडलं नाही? तूच तर म्हणत होतीस."

"मी?" मुलगी रडायलाच लागली. "मी कधी म्हटलं मला त्या म्हाताऱ्याशी लग्न करायचंय म्हणून?"

राणीसाहेबांना पहिल्यांदा वाटलं आपण वाचायला चुकलो. "पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "सावकाश." मुलीनं पुन्हा सांगितलं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"गजरा. मला काय विचारलं होतं?"

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. कोठीतलंही सांगितलं.

त्या ओरडतील, हात उगारतील, असं मला वाटलं होतं. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. मुलीचा हात हातात घेतला.

"का?" त्यांनी विचारलं.

"आपला कारभार गेला असता, आईसाहेब. मी आपल्यासाठी केलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दौत-लेखणी मागितली. एजंटसाहेबांना स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या, की उद्या निघण्यापूर्वी एक तास द्यावा. पत्र घेऊन मला जायला सांगितलं नाही. आक्कासाहेबांना पाठवलं.

सकाळी नऊला दरबार भरला. एजंटसाहेब प्रवासाच्या कपड्यात होते. दिवाणसाहेब निवांत होते, होकार तर मिळाला होता. राणीसाहेब पडद्याआड बसल्या, मी समोर बसायला गेले तर त्यांनी हातानं बाजूला व्हायला सांगितलं. मग उठून उभ्या राहिल्या आणि चिकाची दोरी स्वतः ओढली.

देवखिंडच्या दरबारात असं कधी झालं नव्हतं. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर, उघडा चेहरा. एजंटसाहेब घाईनं उठून उभे राहिले. कारकुनानं नजर खाली घातली.

"आम्हाला ऐकू येत नाही," राणीसाहेब म्हणाल्या. "विषमज्वर झाल्यापासून, दोन वर्षं. काल आपण जे विचारलंत ते आमच्यापर्यंत पोचलं नाही. आम्ही संमती दिली ती दुसऱ्याच गोष्टीला. मुलीच्या लग्नाला आमची संमती नाही. आता विचारायचं ते कागदावर लिहून विचारावं."

मग दिवाणसाहेब पुढे आले. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. तीन दिवसांपूर्वी जे सांगायची त्यांनी मला धमकी दिली होती, तेच आता त्यांना नाकारायचं होतं.

"साहेब, राणीसाहेबांचं मन पालटलं आहे, एवढंच," ते म्हणाले. "आईचं काळीज आहे, समजण्यासारखं आहे. पण दोन वर्षं मी यांच्यासमोर रोज बोलतो, रोज उत्तरं मिळतात. ऐकू येत नाही ही सबब आहे. दिलेला शब्द असा फिरवला तर संस्थानची अब्रू काय राहील?"

एजंटसाहेबांनी राणीसाहेबांकडे बघितलं. त्या दिवाणांच्या ओठांकडे बघत होत्या, पण ते बाजूला तोंड करून बोलत होते. त्यांना काही कळलेलं नव्हतं. त्या तशाच ताठ उभ्या होत्या, आणि त्यांच्या बाजूनं बोलणारं तिथं कुणी नव्हतं.

मी पुढे झाले.

"मी सांगते, साहेब," मी म्हटलं. राणीसाहेब माझ्या मागं राहिल्या, मी एजंटसाहेबांकडे तोंड करून बोलत होते. "बाहेरचं बोलणं यांना मी सांगायची. काल प्रश्न मी बदलला."

एजंटसाहेबांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि चोपदाराला खूण केली. चोपदार राणीसाहेबांच्या पाठीमागं गेला आणि चांदीचा दंड त्यानं सगळा जोर लावून फरशीवर आपटला. मी भिंतीकडे बघत असूनही दचकले. नंतर कारकुनानं मला सांगितलं, की दरबारात न दचकलेलं माणूस एकच होतं.

एजंटसाहेबांनी मान झुकवली. "पुरे," ते मराठीत म्हणाले.

मग मला विचारलं, कशासाठी केलंत? मी दिवाणसाहेबांची धमकी सांगितली. दिवाणसाहेब शांतपणे म्हणाले, "साहेब, या बाईनं आताच आपल्या तोंडानं कबूल केलंय की ती खोटं बोलते."

पण एजंटसाहेबांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी कारकुनाकरवी आणखी एक विचारलं. "धमकी आली असं धरून चालू. दोन दिवस होते. तुम्ही तुमच्या राणीसाहेबांना का सांगितलं नाहीत? काय करायचं ते त्यांनी ठरवलं असतं."

मी उत्तर दिलं. लांबलचक नव्हतं. कारकुनाची लेखणी मध्येच थांबली, मग त्यानं ते लिहून घेतलं.

संमती रद्द झाली. अठरा वर्षं पुरी होईपर्यंत आक्कासाहेबांचं लग्न ठरवायचं नाही, असं एजंटसाहेबांनी जाण्याआधी लिहून दिलं. महिन्याभरानं कारभार पंचमंडळाकडे गेला. राणीसाहेबांकडून शिक्का घ्यायला दिवाणसाहेब स्वतः आले होते. ते आणखी सहा वर्षं दिवाण राहिले आणि मानानं निवृत्त झाले.

माझं त्याच दुपारी झालं. राणीसाहेब खिडकीशी बसल्या होत्या.

"उद्यापासून येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

"जी," मी म्हटलं.

किल्ल्यांचा जुडगा काढून चौरंगावर ठेवला. आक्कासाहेब दारापर्यंत आल्या. खालच्या चौकातून गेले तेव्हा कुजबुज थांबली नाही.

मी भावाच्या गावी आले. त्यानं ठेवून घेतलं, वहिनीनं सहन केलं. मी परड्यात भाजी लावली, गावातल्या मुलींना अक्षरं शिकवली, कारण महालात राहून तेवढी विद्या आली होती. महालातलं कुणी विचारलं की आठवत नाही म्हणायची. मधल्या काळात संस्थानं गेली, देवखिंडच्या महालात कचेरी आली. आक्कासाहेब पुण्याला शिकल्या, तिथंच एका मुलींच्या शाळेत लागल्या, लग्न त्यांनी तिसाव्या वर्षी आपल्या मनानं केलं, असं कानावर यायचं.

सोळा वर्षांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. "आईसाहेब माझ्याकडे असतात. तुम्हाला बोलावलं आहे." एवढंच.

मी एसटीनं पुण्याला गेले. दोन खोल्यांचं, मागं सज्जा असलेलं घर. राणीसाहेब सज्ज्यात वेताच्या खुर्चीवर बसल्या होत्या. केस पार पांढरे झाले होते. छातीवर तपकिरीच्या डबीएवढी काळी डबी लोंबत होती, तिच्यातून वायर निघून कानात गेलेली. मुंबईहून आणलंय, आक्कासाहेब म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी पाया पडले. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सवयीनं नुसते ओठ हलवले, "बऱ्या आहात ना, आईसाहेब?"

"आवाज काढून बोल," त्या म्हणाल्या.

"बऱ्या आहात ना?"

त्यांनी मान कलती केली. "असा आहे होय तुझा आवाज. मला वाटलं होतं, जाड असेल."

मला हसावं की रडावं कळेना. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या. खाली रस्त्याकडे बघत होत्या.

"त्या दिवशी दरबारात," त्या म्हणाल्या, "साहेबांनी तुला दोनदा विचारलं. पहिलं उत्तर काय दिलंस ते मला आक्कानं नंतर सांगितलं. तिनं कारकुनाला विचारून घेतलं होतं. दुसरं काय दिलंस ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, ते तिलाच सांगू दे. तुझी पाठ होती माझ्याकडे."

"जी."

"सांग."

सोळा वर्षांत ते वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं. भावालाही नाही.

"साहेबांनी विचारलं, आधी का सांगितलं नाहीस," मी म्हटलं. "मी म्हटलं, सांगितलं असतं तर आईसाहेबांनी तेव्हाच पडदा काढला असता. मग त्यांना माझी गरज उरली नसती. आईसाहेबांसाठी केलं असं मी काल त्यांना म्हटलं ते खरं नाही. मी माझ्या जागेसाठी केलं."

खालून एक सायकल घंटी वाजवत गेली. राणीसाहेबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी डबीची बारीक कळ बोटानं थोडी फिरवली.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं.